काँक्रीटची उधारी

बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठी, तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या. तिथून उत्तरेला डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॉटचं कोळशाचं औष्णिक केंद्र. त्याचं धुराडं चिकूच्या वाड्यांवरून लांबवर दिसतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब याच पट्ट्यातून, पश्चिम रेल्वेच्या पूर्वेकडून, झरोळीच्या हद्दीकडे निघाले आहेत. हायस्पीड रेल्वेमुळे कार्बन खरंच कमी होतो का, या वादातली दोन्ही टोकं अशी पालघर जिल्ह्यातल्या दोन शेजारच्या तालुक्यांत उभी आहेत.

गाडी विजेवर चालते, म्हणजे ती स्वच्छ, असं प्रकल्पाचे समर्थक गृहीत धरतात. पण वीज कुठली? फ्रान्सची टीजीव्ही १९८१ साली पॅरिस-लिओं मार्गावर धावू लागली, तेव्हा तो देश तेलाच्या धक्क्यानंतर अणुभट्ट्या उभारण्यात गुंतला होता. आज तिथली साधारण दोन तृतीयांश वीज अणूची आहे. एक युनिट वीज तयार करताना तिथे पन्नास ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार हेच प्रमाण युनिटमागे सुमारे ७२० ग्रॅम आहे. तीच गाडी, तोच वेग, तेवढेच प्रवासी. पण फ्रान्समध्ये धावली तर एक हिशेब आणि पालघरमध्ये धावली तर त्याच्या चौदा-पंधरा पट किंवा त्याहूनही जास्त. टीजीव्हीचा आकडा दाखवून आपल्या गाडीची जाहिरात करणं म्हणूनच खरं नाही.

जपानचा आकडाही तपासून घ्यावा असाच आहे. टोकियो-ओसाका प्रवासात शिंकान्सेनचा कार्बन एका आसनामागे विमानाच्या बाराव्या हिश्श्याएवढा असतो, असं जेआर सेंट्रल ही कंपनी सांगते. त्यात खोटं काही नाही. मात्र १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेल्या त्या मार्गावर गाड्या काही मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि भरून जातात. शिवाय बांधकामाचा खर्च, पैशांचाही आणि कार्बनचाही, केव्हाच फिटला आहे. आपला मार्ग अजून सिमेंट खातो आहे.

*

तो किती सिमेंट खातो, ते एका गर्डरवरून बघू.

५०८ किलोमीटरच्या या मार्गापैकी सुमारे ४६० किलोमीटर उन्नत आहे, म्हणजे खांबांवरून जाणार. दोन खांबांवर टेकणारा पूर्ण लांबीचा गर्डर यार्डातच एकसंध ओतला जातो. लांबी ४० मीटर, वजन ९७० टन. त्यात ३९० घनमीटर काँक्रीट आणि ४२ टन पोलाद असतं. ओतून, पिकवून, ताणून झाला की तो अनेक चाकांच्या राक्षसी गाडीवर चढतो, आधीच बसवलेल्या गर्डरांवरूनच पुढे जातो आणि लाँचिंग गॅन्ट्री त्याला पुढच्या दोन खांबांवर उतरवते. हे काम बघत उभं राहिलं की वेळ कसा गेला ते कळत नाही. भारतीय बांधकामात हे तंत्र नवं आहे आणि आपल्या इंजिनिअरांनी ते पटकन उचललं, याचं कौतुक व्हायलाच हवं.

आता कार्बन. सिमेंटमधला बराचसा कार्बन भट्टीच्या जळणाचा नसतो, तो थेट चुनखडीतून सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. घनमीटरमागे सव्वाचारशे किलो सिमेंट आणि टनामागे ६५० किलो कार्बन धरला, तर एका गर्डरचं सिमेंट शंभर टनांच्या थोडं वर जातं. भारतीय पोलाद अजूनही मुख्यतः कोळशावर होतं, टनामागे अडीच टन कार्बन धरायला हरकत नाही. म्हणजे आणखी शंभरेक टन. एक गर्डर, दोनशे टन. किलोमीटरला पंचवीस गर्डर. सगळे गर्डर सारखे नसतात हे मान्य करूनही ४६० किलोमीटरचा नुसता वरचा पाट २३ लाख टनांच्या आसपास जातो.

यात खांब नाहीत, जमिनीत खोल गेलेले पाइल नाहीत, वैतरणेवरचा सव्वादोन किलोमीटरहून लांब पूल नाही, स्थानकं नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदाही नाही; त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. सगळं मिळून ५० लाख टन धरू. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, कोणाचा अधिकृत आकडा नव्हे, आणि तो चढाही नसावा.

शिवाय झाडं. पालघर, ठाणे आणि मुंबईतली मिळून खारफुटीची सुमारे ५३ हजार झाडं तोडावी लागतील, असं आधी ठरलं होतं. आराखडा बदलून हा आकडा सुमारे २२ हजारांवर आणला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. एकाला पाच या दराने नवी लावण्याचं आश्वासन आहे. खारफुटी जो कार्बन साठवते तो मुख्यतः तिच्या मुळाखालच्या चिखलात असतो, शेकडो वर्षांचा. रोप लावल्याने तो चिखल लगेच परत येत नाही. पण आकाराने बघितलं तर काँक्रीटपुढे हा भाग लहान आहे. कार्बनपेक्षा मासळी, पूर आणि खाडीतले रोहित पक्षी हे त्याचे मोठे प्रश्न आहेत.

जपानच्या जायका संस्थेने या प्रकल्पाच्या मूळ १ लाख ८ हजार कोटींच्या खर्चातला ८१ टक्के वाटा ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने दिला. त्या कर्जाची चर्चा खूप झाली. हे दुसरं कर्ज मात्र कोणी मोजलं नाही. गाडी हलण्याआधीच वातावरणाकडून आपण ५० लाख टनांची उधारी घेतली आहे. ती फेडायची कोणी? प्रवाशांनी. आणि इथेच गोष्ट खरी अवघड होते.

*

मुंबईहून अहमदाबादला जाण्याचे आजचे मार्ग घ्या. विमानात माणशी साधारण ५० किलो कार्बन होतो. पेट्रोलवरच्या गाडीत एकटा माणूस गेला तर ८० ते ८५ किलो, दोघे असले तर अर्धा-अर्धा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसमध्ये माणशी दहाच्या आसपास. शताब्दी किंवा वंदे भारतमध्ये, कोळशाची वीज धरूनही, आठेक किलो. बुलेट ट्रेनला माणशी वीसेक युनिट वीज लागेल असं धरलं, तर पंधरा किलोच्या थोडं खाली. हे सगळे ढोबळ हिशेब आहेत, पण त्यांचा क्रम बदलण्याची शक्यता कमी.

पंधरा आणि आठ. नवी गाडी जुनीपेक्षा जास्त कार्बन सोडते, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १६० चा वेग ३२० केला की अडथळा चौपट. शिंकान्सेनचं लांबलचक नाक आणि हलकं अंग त्यातला बराच भाग परत मिळवतं, पण सगळा नाही. (गंमत म्हणजे, जपानी गाड्या लांबल्यामुळे सुरुवातीला बंगळुरूच्या बीईएमएलकडून ताशी २८० च्या गाड्या घ्यायचं ठरलं आहे. रेल्वेच्या दृष्टीने ही तडजोड. कार्बनच्या दृष्टीने मात्र फायदाच: तेवढ्याने अडथळा जवळजवळ पावपट घटतो.)

मग सगळा प्रश्न एवढाच उरतो: बुलेट ट्रेनच्या डब्यात बसलेला माणूस ती नसती तर कशाने गेला असता? विमानातून उतरून आला असेल तर ३५ किलो वाचले. मोटारीतून एकटा आला असेल तर त्याहूनही जास्त. शताब्दीतून आला असेल तर सात किलो वाढले. आणि गाडी आहे म्हणूनच निघाला असेल, एरवी घरी बसला असता, तर पंधराच्या पंधरा किलो वाढले.

सुरतेचं उदाहरण घ्या. सुरतेचे हिरेवाले रोज मुंबईत येतात. भारत डायमंड बोर्स वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि बुलेट ट्रेनचं मुंबईचं स्थानकही तिथेच, जमिनीखाली. या माणसाला बुलेट ट्रेनपेक्षा सोयीचं काही नाही. पण तो आज सहसा विमानाने येत नाही. तो फ्लाइंग राणीने येतो, पहाटेच्या एखाद्या एक्स्प्रेसने येतो. वापीचा, वलसाडचा, डहाणूचा अप-डाउन करणाराही रेल्वेचाच. हे सगळे प्रवासी विजेच्या गाडीतून उठून विजेच्याच जास्त वेगवान गाडीत बसतील. त्यांचा वेळ वाचेल, आणि तो लहान फायदा नव्हे. कार्बन मात्र वाढेल.

प्रकल्पाच्या अंदाजाप्रमाणे सुरुवातीला एका दिशेने दिवसाला १७,९०० प्रवासी धरले आहेत, म्हणजे वर्षाला दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे १.३ कोटी. हे सगळे शेवटपर्यंत जाणारे आणि सगळे विमानातून आलेले असते, तर उधारी अकरा वर्षांत फिटली असती. त्यांतले एक तृतीयांश विमानातले किंवा मोटारीतले आणि बाकीचे जुन्या रेल्वेतले असले, तर पंचावन्न वर्षं लागतील. जायकाच्या कर्जाहून पाच वर्षं जास्त. प्रमाण उलटं झालं, दोन तृतीयांश विमानातले आणि मोटारीतले झाले, तर अठरा वर्षं. गाडी तीच, मार्ग तोच. फक्त प्रवासी कुठून आला यावर अठरा की पंचावन्न हे ठरतं. म्हणून बुलेट ट्रेन हरित की काळी, या प्रश्नाला स्टेशनाच्या फलकावर लिहिता येईल असं उत्तर नाही. जे देतात, ते बाजू कोणतीही असो, हिशेब न करता देतात.

स्वीडनच्या योनास वेस्टिन आणि पेर कोगेसन या दोघांनी २०१२ साली याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. बांधकामाचा कार्बन फिटायचा तर मार्गावर वर्षाला साधारण एक कोटीहून जास्त फेऱ्या हव्यात, दुसऱ्या वाहनांतून येणाऱ्यांतले बहुतेक विमानातले हवेत, आणि फार बोगदे नकोत, असा त्यांचा निष्कर्ष. पहिली अट आपल्याकडे कागदावर पूर्ण होते. दुसरी आणि तिसरी दोन्ही डळमळीत आहेत.

*

दुसरी अट पूर्ण करणारा देश म्हणजे स्पेन. माद्रिद-बार्सिलोना हा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या विमानमार्गांपैकी एक होता. १९७४ पासून तिथे ‘पुएंते आएरिओ’ नावाची शटल विमानसेवा होती: आरक्षण नको, विमानतळावर जा आणि पुढच्या विमानात बसा. फेब्रुवारी २००८ मध्ये हायस्पीड रेल्वे सुरू झाली, ६२१ किलोमीटर अडीच तासांत. काही वर्षांतच निम्मे प्रवासी रेल्वेकडे आले. २०२१ पासून विगो आणि इर्यो या दोन कंपन्या त्याच रुळांवर स्वस्त गाड्या घेऊन उतरल्या, तिकिटं पडली आणि विमानाचा वाटा आणखी आक्रसला. तिकीट स्वस्त झालं की कार्बन कमी होतो, हे इथे सिद्ध झालं. आपल्याकडे बुलेट ट्रेनचं भाडं एसी फर्स्ट क्लासच्या दीडपट असेल असं सांगितलं गेलं होतं. ते विमानाशी बरोबरी करणारं ठरलं, तर विमानातला माणूस विमानातच राहील.

त्याच स्पेनने दुसरी गोष्टही दाखवली. राजकारणासाठी तिथे अनेक प्रांतांना मार्ग दिले गेले, त्यांवरच्या कित्येक गाड्या रिकाम्या धावतात. युरोपच्या लेखापाल न्यायालयाने २०१८ साली तपासलेल्या मार्गांवर गाड्या सरासरी आखलेल्या वेगाच्या ४५ टक्के वेगानेच धावत होत्या. तेवढ्या वेगासाठी तेवढं काँक्रीट लागतच नव्हतं. इंग्लंडच्या एचएस-टू प्रकल्पाने तर स्वतःच्याच कागदपत्रांत मान्य केलं आहे की पहिल्या टप्प्याचा बांधकामाचा कार्बन १२० वर्षांतही फिटणार नाही. पुढे तिथला उत्तरेचा टप्पाच ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला.

चीनचा दाखला आपल्याला जास्त जवळचा, कारण तिथली वीजही मुख्यतः कोळशाची. २००८ ला बीजिंग-तिआनजिनपासून सुरुवात करून २०२४ अखेर त्यांनी ४८ हजार किलोमीटरचं जाळं विणलं. बीजिंग-शांघायसारख्या १,३१८ किलोमीटरच्या मार्गावर प्रवासी एवढे आहेत की कोळशाची वीज धरूनही विमानाच्या तुलनेत हिशेब जमतो. पश्चिमेकडच्या विरळ वस्तीत तो जमतो का, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

फ्रान्सने आणखी एक पाऊल टाकलं. रेल्वेने अडीच तासांत पोचता येत असेल तर त्या मार्गावर विमान नको, असा कायदा २०२१ साली केला आणि मे २०२३ पासून पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिओंच्या विमानांवर बंदी लागू झाली. मार्ग तीनच, म्हणून त्याची टिंगलही झाली. पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला: गाडी सुरू करणं हे अर्धं काम, विमान थांबवणं हे उरलेलं अर्धं.

आपण काय करतो आहोत? ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तो विमानतळ गरजेचा नव्हता असं नाही. सांताक्रूझच्या दोन एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर आणखी किती ओझं टाकणार? पण अहमदाबादचा प्रवासी बुलेट ट्रेनने गेला आणि त्याची रिकामी झालेली विमानाची वेळ दुबईच्या विमानाला मिळाली, तर आकाशातला कार्बन घटला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला, आणि तोही लांबचा झाला. या बाबतीत रेल्वे मंत्रालय आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय एका टेबलावर बसल्याचं कुठे दिसत नाही.

एक जमेची बाजू न सांगणं अन्यायाचं होईल. वीज बदलते आहे. जून २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून खूप पुढे आहे, पण दिशा स्पष्ट आहे. युनिटमागचा कार्बन आजच्या निम्म्यावर आला, तर वर सांगितलेली पंचावन्न वर्षं साधारण बत्तिसावर येतात. आणि बुलेट ट्रेनचा मार्ग शंभर वर्षं टिकण्यासाठी बांधतात, विमान पंचवीस वर्षांत भंगारात जातं. आजच्या कोळशावरून उद्याच्या गाडीला फाशी देणंही बरोबर नाही.

मुंबईकराच्या मनात एक जुना राग आहे. १४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीला शिंजो आबे आणि नरेंद्र मोदींनी या प्रकल्पाची पायाभरणी केली. पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. तेव्हापासून बुलेट ट्रेन म्हटलं की इथे पहिला प्रश्न लोकलचा येतो. कार्बनच्या वहीतही तो प्रश्न रास्त आहे. माणशी सर्वांत कमी कार्बनात माणूस नेणारं या शहरातलं वाहन म्हणजे गच्च भरलेली लोकल. विरार-डहाणू मार्गाचं चौपदरीकरण वेळेत झालं तर जितके लोक दुचाकी आणि मोटारीवर जाण्यापासून वाचतील, त्यांचा कार्बन कोणत्याही पायाभरणी समारंभात मोजला जात नाही. पालघरच्या ज्या आदिवासी गावांची जमीन या मार्गात गेली, त्यांनीही मोर्चांमध्ये हाच सवाल केला होता: ही गाडी आमच्यासाठी थांबणार आहे का? बारा स्थानकांपैकी महाराष्ट्रात चार: मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर.

*

हा मार्ग आता होणार. जानेवारी २०२४ मध्ये भूसंपादन पूर्ण झालं, गुजरातेत खांबांच्या रांगा उभ्या आहेत, शिळफाट्याच्या बाजूने बोगद्याचा मोठा टप्पा आरपार झाला आहे. उधारी घेऊन झाली आहे. ती लवकर फेडायची कशी एवढंच हातात आहे. भाडं विमानापेक्षा स्पष्ट कमी ठेवणं, गाडीसाठी सौर आणि पवनविजेचे थेट करार करणं, बुलेट ट्रेन भरावी म्हणून शताब्दी आणि वंदे भारत बंद न करणं, आणि मुंबई-अहमदाबाद विमानांच्या वेळा टप्प्याटप्प्याने काढून घेणं. यांतली शेवटची गोष्ट कोणतंही सरकार सुखासुखी करणार नाही, आणि नेमका तिच्यातच सगळ्यात जास्त कार्बन आहे.

पुढच्या मार्गांचं मात्र अजून सगळंच हातात आहे. मुंबई-नागपूर आणि मुंबई-पुणे-हैदराबाद या मार्गांचे आराखडे कागदावर आले आहेत. मुंबई-पुण्यामध्ये काढून घ्यायला विमानं जवळपास नाहीतच. तिथला कार्बन द्रुतगती मार्गावरच्या मोटारींचा आहे आणि खंडाळ्याचा घाट चढायला लांब बोगदे लागणार. म्हणजे हिशेब अहमदाबादपेक्षा वेगळा, कदाचित जास्त अवघड. तो हिशेब मांडणं मात्र कायद्याने कोणावर बंधनकारक नाही: २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते, त्यांच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. म्हणून मावळात, दौंडला, सोलापूरला किंवा वर्ध्याला मोजणीवाले येतील तेव्हा मोबदल्याच्या दराबरोबर आणखी तीन आकडे लेखी मागा: काँक्रीट आणि पोलाद किती लागणार, प्रवासी कोणत्या वाहनातून येणार, आणि वीज कुठून घेणार.